ज्वालामुखीच्या वाटेवरची फजर

बान्युवांगी शहरातल्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आमच्या लेकीचा रक्तदाब मोजला, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला आणि छापील कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारायला सुरुवात केली. हृदयविकार? नाही. फिट्स? नाही. दमा? आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. लहानपणी तिला दमा होता. पण गेल्या चार वर्षांत एकदाही त्रास झाला नव्हता. शिवाय निघतानाच एजंटाने बजावले होते, "तिथे काही सांगत बसू नका, कागद तेवढा घ्या." आम्ही म्हणालो, "नाही." कागदावर शिक्का बसला.

त्या कागदाला तिकडे ‘सुरात सेहात’ म्हणतात. सुरात म्हणजे पत्र आणि सेहात म्हणजे आपलीच सेहत. इजेन नावाच्या जागृत ज्वालामुखीवर चढायचे असेल तर हे पत्र दाखवल्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत. पुढे जे घडले त्यात आमच्या त्या ‘नाही’चा मोठा वाटा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

आपला थंड कातळ, त्यांचा गरम डोंगर

आम्ही कोकणातले. काळ्या कातळावर घर, काळ्या कातळात खोदलेली विहीर, मागे सह्याद्री. शाळेत शिकलो होतो की हा सारा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेला लाव्हा आहे. आमच्या थोरल्याने बारावीला भूगोल घेतला होता. परीक्षा झाल्यावर त्याचा एकच हट्ट होता, "आपला डोंगर तर कधीचाच थंड झाला, गरम असलेला एकदा बघायचा." आपल्या देशात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानच्या समुद्रातले बॅरन बेट, आणि तिथे माणसांची वस्तीच नाही. मग मेच्या सुट्टीत इंडोनेशियाला जायचे ठरले. आम्ही दोघे, थोरला आणि आठवीतली लेक.

इंडोनेशियात शंभरातले सुमारे ८७ लोक मुसलमान आहेत, आणि जागृत ज्वालामुखी १२० हून अधिक. कारण जमिनीखाली आहे. ऑस्ट्रेलियाकडचा भूपट्टा जावा-सुमात्राच्या खाली सरकत जातो. खोल गेल्यावर त्यातले पाणी वरच्या तप्त खडकात शिरते आणि खडक वितळू लागतो. तो वितळलेला रस वर येण्यासाठी वाट शोधतो. म्हणून सुमात्रापासून जावा, बाली आणि पुढेपर्यंत ज्वालामुखींची माळच लागली आहे. त्या राखेनेच जावाची माती सुपीक केली. डोंगर भीती देतो आणि भातही देतो, त्यामुळे लोक त्याच्या पायथ्याशीच राहतात.

बालीहून मोटारीने गिलिमानुक बंदर, तिथून फेरीबोटीने तासाभरात खाडीपलीकडे जावा बेटावरचे केतापांग. उतरल्यावर घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. बालीच्या आणि जावाच्या वेळेत तासाचा फरक आहे आणि नमाजीला हे लक्षात ठेवावेच लागते. बोट धक्क्याला लागत होती तेव्हा असरची अजान कानावर आली. आठवड्याच्या प्रवासानंतर ती ऐकून आम्हा चौघांचे चेहरे एकदम उजळले.

जावात जेवणाची चिंता राहिली नाही. टपरीपासून हॉटेलपर्यंत जवळजवळ सगळीकडे हलाल. बान्युवांगीची खासियत म्हणजे ‘नासी तेम्पोंग’: भात, उकडलेला पाला, तळलेले मासे आणि असा जाळ सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचा, की आपल्या मालवणी माणसानेही पाणी मागावे. तेम्पोंग म्हणजे चापट. पहिल्याच घासाला ती बसते.

मध्यरात्रीचे फाटक

रात्री साडेबाराला गाडी निघाली. तासाभराचा घाट, दोन्ही बाजूला झाडी आणि हळूहळू वाढणारा गारवा. पाल्तुडिंग हे पायथ्याचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० मीटरवर आहे. उतरलो तर हात कुडकुडत होते. टपऱ्यांवर गरम कॉफी, केळ्याची भजी, शेव्यांची वाफाळती वाटी. बाजूला छोटेखानी नमाजखाना, ज्याला तिकडे ‘मुसल्ला’च म्हणतात. आत बायकांसाठी पांढरे, डोक्यापासून पायापर्यंत येणारे ‘मुकेना’ घडी करून ठेवलेले. कोणीही प्रवासी बाई आली की वुजू करावा, मुकेना चढवावा, नमाज पढावी आणि घडी करून परत ठेवावा. आपल्याकडे बाजारपेठेत, एसटी स्टँडवर बायकांची नमाज कशी राहून जाते ते आठवून आमच्या घरातल्या बाईंनी ती घडी दोनदा नीट केली.

आमचे वाटाड्ये पन्नाशीचे. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’ म्हणतात, जसे आपण चाचा म्हणतो. तरुणपणी पंधरा वर्षे त्यांनी याच डोंगरातून गंधक वाहिले होते. त्यांनी प्रत्येकाला डोक्याला बांधायचा दिवा आणि दोन्ही गालांवर डबी असलेला गॅसचा मुखवटा दिला. मुखवटा लेकीच्या चेहऱ्यावर बसवून त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि विचारले, "सेहात?" ती म्हणाली, "सेहात." आम्ही दुसरीकडे पाहिले.

दोन वाजता फाटक उघडले. वाट सुमारे तीन किलोमीटर. चांगली रुंद, पण पहिले दोन किलोमीटर अशी उभी की बोलणे बंद होते. पायाखाली बारीक, घसरती वाळू. पुढे मागे दिव्यांची रांग. रांगेच्या कडेने लोखंडी दुचाकी हातगाड्या ओढत माणसे ओरडत होती, "टॅक्सी! टॅक्सी!" थकलेल्या पर्यटकाला गाडीत बसवायचे, एकाने पुढून दोरीने ओढायचे आणि दोघांनी मागून ढकलायचे. पाकनी सांगितले की यातले बरेच जण काल-परवापर्यंत गंधक वाहत होते. गंधकापेक्षा माणूस ओढण्यात पैसे जास्त मिळतात.

निळी ज्योत

साडेतीनच्या सुमारास आम्ही विवराच्या काठावर पोहोचलो. उंची सुमारे २,३५० मीटर. खाली काळोखाचा खड्डा आणि त्याच्या तळाशी, दूरवर, निळा उजेड. गॅसच्या शेगडीची ज्योत असते तसाच रंग, पण शेगडी एखाद्या घराएवढी. ज्योत मधेच विझल्यासारखी होई आणि बाजूला पुन्हा उफाळून येई. कधी उतारावरून निळे पाणी ओघळावे तशी खाली सरकत जाई. आमच्या तोंडून एकदमच "सुब्हानअल्लाह" निघाले.

अनेकांना वाटते की हा निळा लाव्हा आहे. तसे नाही. तप्त लाव्हा सहसा तापलेल्या लोखंडासारखा तांबडा-केशरी दिसतो. इजेनच्या तळातल्या भेगांतून गंधकाची वाफ प्रचंड दाबाने बाहेर पडते. तिचे तापमान ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. हवा लागताच ती पेट घेते आणि गंधक जळताना ज्योत निळी असते. काही वाफेचा द्रव होतो आणि तोही जळत जळत उतारावरून वाहतो. हे दिवसाही चालूच असते, पण उन्हात ती ज्योत डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ही मध्यरात्रीची धावपळ.

काठावरून तळापर्यंत दगडांची अरुंद, उभी पायवाट जाते. तिच्या तोंडाशी फलक आहे: पर्यटकांनी विवरात उतरू नये, धोका आहे. फलकाच्या शेजारूनच दिव्यांची ओळ खाली उतरत होती. एजंटाने सांगितले होते, "सगळेच उतरतात, निळी ज्योत जवळून बघितली नाही तर पैसे वाया." थोरला तर पायवाटेवर पाय टाकून उभाच होता. पाकनी त्याचा दंड धरला. म्हणाले, "थांब. आधी वारा बघू."

त्यांनी मूठभर धूळ वर उडवली. ती सरळ आमच्या अंगावर आली.

वारा फिरला

पुढची पाच मिनिटे आम्ही विसरणार नाही. खालून पांढरा लोट उठला, काठावरून वर चढला आणि आमच्यावर पसरला. जणू शेकडो काड्यापेट्या एकदम पेटवल्या. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग. दिव्याच्या उजेडात हातभर पुढचा माणूस दिसेना. मुखवट्यातूनही घशाला ओरखडा जाणवत होता. गंधक जळून होणारा वायू ओलसर जागी पोहोचला की त्याचे आम्ल बनते, आणि माणसाच्या शरीरात डोळे, घसा आणि फुप्फुसे या ओलसर जागा. निरोगी माणसाला खोकला येतो. दमेकऱ्याच्या श्वासनलिका मात्र अगदी थोड्या वायूनेही आवळतात.

लेक खोकू लागली. मग खोकला थांबला आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तो आवाज आम्ही चार वर्षांनी ऐकला, पण ओळखायला क्षणही लागला नाही. पाकनी विचारले, "दमा?" या वेळी आम्ही "हो" म्हणालो.

ते एक शब्दही बोलले नाहीत. काठावर रिकामी गाडी घेऊन दोघे जण थांबले होते, त्यांना हाक मारली. एकाने आपला रुमाल पाण्यात भिजवून तिच्या मुखवट्यावरून धरला. दोघांनी तिला गाडीत बसवले आणि उताराला लागले. एक पुढे, पाय रोवून. एक मागे, दोर ताणून. आम्ही बाजूने पळत होतो. इनहेलर, अल्लाहचे शुक्र, पाठीवरच्या पिशवीत होता. पन्नासेक पावले खाली हवा मोकळी झाली तसा थांबून तिला तो दोनदा दिला.

थोरला रागावला होता. "माझ्यामुळे नाही, तिच्यामुळे परतावे लागले," असे काहीतरी पुटपुटला. त्या वेळी त्याला उत्तर द्यायला आमच्याकडे श्वास नव्हता.

पोंडोक बुंडर

अर्ध्याहून अधिक वाटेवर डच लोकांच्या काळातली एक गोलाकार इमारत आहे, पोंडोक बुंडर. गंधक वाहणारे इथे आपला माल तोलून घेत आले आहेत. तिच्या ओसरीवर लेकीला बसवले. हळूहळू शिट्टी विरत गेली. ओठांचा रंग परत आला. वीसएक मिनिटांनी ती म्हणाली, "अम्मी, भूक लागली." त्या एका वाक्याने आम्हाला जे वाटले ते लिहून दाखवता येणार नाही.

फजरची वेळ झाली होती. पाकनी अर्ध्या लिटरच्या बाटलीत वुजू केला आणि उरलेले पाणी गाडीवाल्याला दिले, त्याचाही त्यातच झाला. आमच्याकडे पाणी होते, म्हणून तयम्मुमचा प्रश्न आला नाही, पण इतक्या थोड्या पाण्यात वुजू होतो हे घरातल्या नळाखाली आम्ही विसरलोच होतो. मोकळ्या जागेवर प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरली. पाक इमाम झाले. मागे गाडीवाले, आम्ही बापलेक, त्यांच्या मागे मायलेकी. लेक बसूनच पढली.

दुसऱ्या रकातीत रुकूनंतर पाकनी हात उचलून कुनूतची दुआ सुरू केली. आमच्या अंगावर शहारा आला. आम्ही शाफई. जावाही शाफई. आमच्या गावच्या मशिदीत फजरला जशी कुनूत होते तशीच, तोच ठेका, तीच "आमीन". समुद्र ओलांडून, परक्या भाषेच्या मुलखात, धुमसणाऱ्या डोंगराच्या अंगावर घरची फजर मिळाली. सलाम फिरवल्यावर थोरला उठून बहिणीजवळ जाऊन बसला. तिच्या खांद्यावर त्याने आपले जॅकेट टाकले. बोलला काहीच नाही.

खांद्यावरचे गंधक

उजाडू लागले तशी वरून एकेक माणूस उतरताना दिसू लागला. खांद्यावर बांबू, बांबूच्या दोन टोकांना दोन टोपल्या, टोपल्यांत हळदीसारखे पिवळेधमक दगड. बांबू चालीबरोबर करकरतो, तो आवाज माणसाच्या आधी पोहोचतो.

१९६८ पासून इथे असे गंधक काढले जाते. भेगांच्या तोंडांवर नळ्या बसवल्या आहेत. वाफ नळीतून जाताना थंड होते, तांबड्या पाकासारखी टपकते आणि गोठून पिवळी होते. पहारीने ती फोडायची, टोपल्यांत भरायची आणि त्याच उभ्या पायवाटेने काठावर आणायची. एका खेपेला ७० ते ९० किलो. कित्येकांकडे मुखवटा नसतो, ओल्या फडक्याचे टोक दातांत धरून ते श्वास घेतात. काठावर आल्यावर काहीजण माल हातगाडीत टाकतात, काही खांद्यावरच खालपर्यंत नेतात.

एका वाहकाने टोपल्या ओसरीशी टेकवल्या. थोरल्याने विचारले, उचलून बघू का? त्याने हसून मान हलवली. पोरगा आमच्यात सर्वांत धट्टाकट्टा, रोज व्यायामशाळेत जाणारा. बांबूखाली खांदा लावला, दात आवळले, टोपल्या चार बोटे वर उचलल्या आणि खाली टेकल्या. खांद्यावर लाल वळ उठला. वाहकाने आपला सदरा बाजूला करून स्वतःचा खांदा दाखवला. तिथे मांसाची गाठच बनली होती, नारळाच्या वाटीएवढी.

भाव काय? किलोला साडेबाराशे रुपिया, म्हणजे आपले साधारण पावणेसात रुपये. आमच्या लेकीला खाली आणणाऱ्या गाडीचा ठरलेला दर तीन लाख रुपिया, आपले सोळाशे. एवढे पैसे गंधकातून मिळवायचे तर ८० किलोच्या तीन खेपा. गाडीवाल्यांना आम्ही दरापेक्षा जास्त दिले. त्यांनी मोजले, "अलहम्दुलिल्लाह" म्हणाले आणि खिशात टाकले. उपकाराची भाषा त्यांच्याकडून झाली नाही, आमच्याकडूनही होऊ नये असे वाटले. घाम वाळण्याआधी मजुरी हातात पडावी ही आपल्याला लहानपणापासूनची शिकवण. इथे तर आमच्या लेकीचा श्वास त्यांच्या घामावर परत आला होता.

हे गंधक जाते कुठे? काड्यापेट्यांत, रबर टणक करण्यासाठी, औषधांत, सौंदर्यप्रसाधनांत आणि साखर पांढरी करायला. आपल्या महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतही उसाचा रस शुभ्र करायला गंधकाचा धूरच वापरतात. त्या दिवसापासून चहात साखर टाकताना तो पिवळा दगड आठवतो.

कडू पाणी

सूर्य वर आला आणि वाऱ्याची दिशा बदलली. पाक वर जाऊन पाहून आले आणि म्हणाले की दोघांनी काठापर्यंत यायला हरकत नाही, खाली मात्र नाही. मायलेकी पोंडोकलाच थांबल्या, बापलेक वर गेले.

रात्री जिथे काळोखाचा खड्डा होता तिथे आता फिरोजी रंगाचे तळे होते. सुमारे एक किलोमीटर रुंद, स्थिर, वर वाफेचा पातळ पडदा. इतका सुंदर रंग की हात बुडवावासा वाटावा. पण जगातले एवढे मोठे आम्लाचे तळे दुसरे नाही. गाडीच्या बॅटरीतल्या आम्लाशी ज्याची तुलना करावी असे ते पाणी. त्यातून झिरपून निघणाऱ्या नदीचे नाव बान्यू पाहित, म्हणजे कडू पाणी. ही नदी खाली आसेमबागुसच्या शेतीला पोहोचते आणि तिथल्या पिकांना व माणसांच्या दातांना त्याचा त्रास होतो. गंमत अशी की आम्ही जिथून आलो त्या बान्युवांगी शहराच्या नावाचा अर्थ आहे सुगंधी पाणी. एकाच डोंगराच्या अंगावर गोड पाणी, कडू पाणी, कॉफीचे मळे आणि विषारी धूर. देणारा तोच.

थोरल्याने फोटो काढले नाहीत. बराच वेळ नुसता बसून राहिला. मग म्हणाला, "चला, ती एकटी आहे खाली." अम्मी सोबत होती, तरी तो असे म्हणाला.

शांत डोंगराचा भरवसा

परतल्यावर आम्ही ज्वालामुखींवर झालेल्या अपघातांविषयी वाचत गेलो. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी ४७ जण होते, बहुतेक सहलीला आलेले. स्फोट झाला आणि त्यातले २२ जण दगावले. धोक्याची पातळी आधीच वाढवलेली होती, तरी सहली चालूच होत्या. सुमात्रातल्या मारापीवर ३ डिसेंबर २०२३ रोजी २४ गिर्यारोहक गेले. विवरापासून तीन किलोमीटर दूर राहण्याची सूचना होती. आणि जपानच्या ओंताके डोंगरावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी ६३ जण मृत वा बेपत्ता झाले. तिथे तर इशारा सर्वांत खालच्या पातळीवर होता, म्हणजे कागदोपत्री डोंगर शांत होता.

या तीन गोष्टींचा अर्थ आम्ही असा लावतो: इशारा असताना जाणे हा बेजबाबदारपणा, आणि इशारा नसताना जाणे हीसुद्धा हमी नव्हे. लाव्हा वर न येताही, आतले पाणी एकदम वाफ होऊन डोंगराचे तोंड उडवू शकते, आणि तसल्या स्फोटाची पूर्वसूचना फार थोडी मिळते. जायचेच तर शक्य तेवढे सावध राहायचे, कमीत कमी वेळ थांबायचे आणि बाकी अल्लाहवर सोपवायचे. उंट बांधून मग तवक्कुल, हे आपण मुलांना सांगतो. आम्ही मात्र उंट न बांधताच निघालो होतो. जीव ही अमानत आहे. लेकीचा जीव तर आमच्या हवाली केलेली अमानत होती, आणि सहल फुकट जाऊ नये म्हणून आम्ही एका कागदावर खोटे बोललो.

परतताना तिची छाती तपासून घ्यायला त्याच दवाखान्यात थांबलो. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. आम्ही खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. स्टेथोस्कोप बाजूला ठेवून त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्हाला विचारले, "मला सांगितले असते तर मी हिला कॉफीच्या मळ्यात पाठवले असते. तिथूनही डोंगर छान दिसतो. का नाही सांगितले?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

जाणाऱ्यांसाठी

या हकीकतीमुळे कोणी जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. अल्लाहची कुदरत पाहायला सफर करावी, मुलांना दाखवावी. फक्त काही गोष्टी ध्यानात ठेवा.

१. दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल तर विवराच्या काठावर जाऊ नका. डॉक्टरांना खरे सांगा. ‘सुरात सेहात’ फाटकाला दाखवायला नसते, स्वतःसाठी असते.

२. इंडोनेशियात धोक्याच्या चार पातळ्या आहेत: नोर्माल, वस्पादा, सियागा आणि आवास. ‘सियागा’ ऐकले की आपला ‘सजग’ शब्द आठवतो, तेवढा लक्षात ठेवला तरी पुरे. निघण्याच्या दिवशी सरकारी ‘मॅग्मा इंडोनेशिया’वर त्या डोंगराची पातळी पाहा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

३. साधा कापडी मास्क गंधकाचा वायू अडवत नाही. आम्लवायूसाठीची डबी असलेला मुखवटाच घ्या. भाड्याचा असेल तर डबी किती जुनी आहे ते विचारा. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका.

४. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ बरा. पहाटे हवा चांगलीच गार असते. पायात पकड असलेले बूट, डोक्याला दिवा, हात मोकळे. हिजाब पिनांनी घट्ट बांधा, टोके कपड्यात खोचा, म्हणजे मुखवट्याच्या पट्ट्यात अडकत नाही.

५. फजर वाटेत होते. वुजूसाठी वेगळी छोटी बाटली आणि अंथरायला पातळ ताडपत्री ठेवा. पाल्तुडिंगला इशा पढूनच चढायला लागा.

६. काठावर फोटोसाठी मागे सरकू नका. २०२४ साली इथेच एक परदेशी पर्यटक महिला फोटो काढताना कड्यावरून पडून मरण पावली.

७. गंधक वाहणाऱ्याला आधी वाट द्या, तो ओझ्याखाली थांबू शकत नाही. फोटो काढायचा तर त्याला विचारा आणि त्याच्या हातावर काही ठेवा.

८. वाटाड्या "मागे फिरा" म्हणाला की फिरा. पैसे वाया गेले तर जाऊ देत.

आमच्या चौघांपैकी कोणीही निळी ज्योत जवळून पाहिली नाही. लेकीने फिरोजी तळे पाहिलेच नाही. परतीच्या बोटीत तिने तो शिक्क्याचा कागद मागून घेतला, ‘दमा’च्या पुढे असलेले ‘नाही’ पेनने खोडले आणि त्यावर ‘होय’ लिहून कागद आमच्या हातात दिला. तो आता घरी, पासपोर्टांच्या पाकिटात ठेवला आहे. पुढच्या सफरीला निघताना तोच आधी हाताला लागेल, इन्शाअल्लाह.